मैत्री भावना : सुरुवात स्वतःपासून

(विहाराच्या वर्धापनदिनी, वर्षावास प्रवचनमालेत केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला आहे ‘मैत्री भावना’. पत्रिकेत आमच्या नावापुढे ‘धम्म अभ्यासक’ असे छापले आहे. ते कोणी छापले ठाऊक नाही, पण आपण आम्हाला ओळखता. आम्ही गिरणी कामगार. शाळा नववीपर्यंत. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात आणि घाटकोपर ते परळ लोकलच्या डब्यात उभ्या उभ्या झाले. तेव्हा कुठे चुकलो तर भन्तेजींनी आम्हाला थांबवावे.

मैत्री भावना म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झाले, आणि शेवटी आपण म्हणतो की सर्व प्राणी सुखी होवोत. ते म्हणताना निम्म्यांचे लक्ष चपलांकडे आणि निम्म्यांचे खिरीकडे असते. (हसू नका, आमचेही असते.) सगळ्यांचे भले होवो हे म्हणायला सोपे आहे, कारण ‘सगळे’ म्हणजे कोणीच नाही. अवघड आहे ते एकेकाचे नाव घेऊन म्हणणे. आणि त्यातही सर्वांत अवघड नाव कोणाचे, तर आपले स्वतःचे. आज आम्ही फक्त एवढ्यावरच बोलणार आहोत.

पाचव्या शतकात श्रीलंकेत, अनुराधपूरच्या महाविहारात आचार्य बुद्धघोष होऊन गेले. त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ नावाचा मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या नवव्या प्रकरणात मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार ब्रह्मविहारांची साधना दिली आहे. हा ग्रंथ आपल्यापर्यंत आणला तो गोव्याच्या सांखवाळ गावच्या आचार्य धर्मानंद कोसंबींनी. त्यांनी मूळ पालि ग्रंथ देवनागरीत संपादित केला आणि ध्यानाचे विषय ‘समाधिमार्ग’ या मराठी पुस्तकात आपल्यासारख्यांना कळेल असे सांगितले. कोसंबी हार्वर्डला काम करून आलेले विद्वान होते. पण १९३० नंतरच्या त्या दशकात त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या वस्तीत ‘बहुजन विहार’ उभारला आणि तिथे राहिले. आम्ही कामाला परळ भागात जायचो, म्हणून ही गोष्ट आम्हाला फार जवळची वाटते. धम्म गिरणगावात बाबासाहेबांच्या दीक्षेच्या आधी एकदा येऊन उभा राहिला होता, हे पुष्कळांना माहीत नसते.

तर विसुद्धिमग्ग सांगतो की मैत्री पहिल्यांदा स्वतःवर करावी. नंतर ज्याच्याविषयी आदर आहे असा माणूस, आचार्यासारखा. मग जिवलग मित्र. मग ज्याच्याशी आपले देणे ना घेणे असा माणूस. आणि शेवटी वैरी. वैऱ्यापासून सुरुवात करू नये असे स्पष्ट सांगितले आहे, कारण त्याचे तोंड आठवले की राग येतो आणि बैठक मोडते. अतिशय लाडक्या माणसापासूनही करू नये, त्याचे थोडे दुखले तरी आपल्याला रडू येते. मृत माणसावरही करू नये. किती व्यवहारी माणूस होता बघा! साधना सांगतानाही मुकादमासारखा, कुठल्या खात्यातून काम सुरू करायचे ते नेमके सांगतो.

आता कोणी विचारील, स्वतःपासून का? हा स्वार्थ नाही का? त्याचे उत्तरही तिथे आहे. आपण स्वतः साक्षीला उभे राहायचे. मला सुख हवे, मला मार नको, मला अपमान नको, हे मला माझ्यावरून कळते. मग समोरच्यालाही तसेच आहे हे कळायला वेळ लागत नाही. पण ज्याला स्वतःचे दुखणे दुखणे वाटतच नाही, तो दुसऱ्याचे कशाने ओळखणार? आणि आचार्य हेही सांगून ठेवतात की नुसती स्वतःवर शंभर वर्षे मैत्री केली तरी त्याने ध्यान लागत नाही. म्हणजे सुरुवात तिथून करायची, मुक्काम तिथे ठोकायचा नाही.

त्रिपिटकात राजा पसेनदी आणि राणी मल्लिका यांचा प्रसंग आहे. एकदा दोघे महालाच्या गच्चीवर असताना राजाने विचारले, तुला स्वतःपेक्षा अधिक प्रिय असे कोणी आहे का? आपण बायका काय उत्तर देऊ? ‘तुम्हीच की!’ राजालाही तीच आशा असणार. पण मल्लिका माळ्याची पोर, खोटे बोलली नाही. म्हणाली, महाराज, मला माझ्याहून प्रिय कोणी नाही. तुम्हाला आहे का? राजालाही नाही म्हणावे लागले. तो तसाच उठून भगवंतांकडे गेला. भगवंतांनी राणीला दोष दिला नाही. त्यांच्या सांगण्याचा अर्थ असा की प्रत्येकाला आपला जीव असाच प्रिय आहे, म्हणून ज्याला आपले भले कळते त्याने दुसऱ्याला पीडा देऊ नये. मागच्या वर्षी महिला मंडळात हा प्रसंग सांगितला तेव्हा सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एक आजीबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, “भाऊ, साठ वर्षं मी सगळ्यांचं ताट वाढून मग उरलेलं खाल्लं. माझ्यासाठी काय मागायचं, मला शब्दच येत नाय.”

बंधू-भगिनींनो, त्या आजींचे हे वाक्य आम्ही घरी घेऊन गेलो. कारण शब्द न येण्याचा हा रोग आम्हालाही होता. तो कसा ते आता सांगतो.

११ जुलै १९९७. आपल्या घाटकोपरला ही तारीख सांगावी लागत नाही. माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली सकाळी दिसली, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि आपली १० माणसे गेली. आम्ही त्या दिवशी पहिल्या पाळीला होतो. पहाटेच घर सोडले होते. साऱ्या वस्त्यांतून माणसे हायवेकडे धावत होती तेव्हा आम्ही त्रासन खात्यात तुटलेले धागे सांधत होतो. आम्हाला दुपारी कळले. चार दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडचे लोकशाहीर विलास घोगरे यांनी त्या दुःखात आपले जीवन संपवले. ज्यांच्या आवाजावर आम्ही मोर्चात चाललो, तो आवाज थांबला. पुढे आनंद पटवर्धन यांनी ‘जयभीम कॉम्रेड’ हा माहितीपट काढला, तो २०११ साली आला, त्यात हे सारे आहे. तरुणांनी अवश्य बघावा.

आम्हाला मात्र त्या दिवसापासून एक खिळा बसला. तू तिथे नव्हतास. तू भाषणे करतोस, वर्गणी गोळा करतोस, आणि जेव्हा वेळ आली तेव्हा तू हजेरी लावायला गेलास. बाहेर कोणी हे बोलले नाही. आतून मात्र रोज.

पुढच्या हिवाळ्यात मित्रांनी आग्रह केला म्हणून आम्ही भाजाला शिबिराला गेलो. मळवली स्टेशनला उतरायचे, लेण्यांच्या पायथ्याकडे चालत जायचे. पुण्यात १९७८ पासून धम्मचारी लोकमित्र यांनी उर्गेन संघरक्षितांच्या सांगण्यावरून आपल्या लोकांत जे काम सुरू केले, त्या त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचे ते केंद्र. आता त्याला त्रिरत्न म्हणतात. संघरक्षित म्हणजे तेच, जे बाबासाहेबांना तीनदा भेटले होते आणि ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले तेव्हा नागपुरात होते, आणि रडणाऱ्या लोकांना धीर देत सभांमागून सभा घेत राहिले. तिथे मैत्री भावना पाच टप्प्यांत शिकवतात : स्वतः, मित्र, तटस्थ, वैरी, आणि मग सगळे. (इगतपुरीवाले भाजावाल्यांना नावे ठेवतात आणि भाजावाले इगतपुरीला. आम्ही दोन्हीकडे बसून आलो. गोयंकागुरुजींच्या दहा दिवसांच्या शिबिरातही शेवटी मैत्री असतेच. बोरिवलीच्या खाडीपलीकडे गोराईला पॅगोडा आहे, तिथे पिकनिकला जाऊन फोटो काढून येता, जरा वीस मिनिटे आत बसूनही या.)

आम्ही मनात धरून गेलो होतो की चौथ्या टप्प्याला आमची गाडी अडणार. वैरी म्हणून खाकी वर्दी डोळ्यांसमोर येणार आणि आम्ही उठून जाणार. झाले उलटेच. धम्मचारी म्हणाले, “पहिली पाच मिनिटे स्वतःसाठी. स्वतःला म्हणा, मी सुखी होवो.” आणि आमचा घसाच बंद झाला. शब्द पुढे सरकेना. उलट आतून आवाज आला, तू? तू कशाला सुखी होवो? आम्ही पाचही मिनिटे नुसते घामाघूम होऊन बसलो. नंतर विचारले कसे वाटले, तर ‘छान वाटले’ असे खोटे सांगितले. घरी आल्यावर मित्रांना म्हणालो, हे डोळे मिटून बसणे आपल्या चळवळीचे काम नाही. बाबासाहेबांनी संघर्ष सांगितला आहे. आणि साधना सोडून दिली.

आज आम्ही कबूल करतो की तो बाबासाहेबांचा आधार खोटा होता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ते सांगतात की बुद्धांनी करुणेवर थांबू नका, मैत्रीपर्यंत जा असे शिकवले. करुणा माणसांपुरती, मैत्री जीवमात्रापर्यंत. बावीस प्रतिज्ञांतही सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. आणि ३ ऑक्टोबर १९५४ ला आकाशवाणीवर त्यांनी सांगितले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही आपली तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर आपल्या गुरूच्या, बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत. त्यात बंधुता आहे की नाही? मग ती आली कुठून? मैत्रीतूनच ना! आता यावर कोणी म्हणेल की बाबासाहेबांनी स्वतःवर मैत्री करा असे कुठे सांगितले. आमचे म्हणणे असे की १९२७ साली महाडला त्यांनी दुसरे काय केले? पाणी तर आपण कुठलेही पीत होतो. त्या तळ्यावर माणसाने स्वतःला माणूस समजावे, हा धडा होता.

आमच्या गिरणीतलेच उदाहरण घ्या. विणकाम खात्यात, म्हणजे साच्यावर, पगार जास्त. पण आपल्या माणसांना तिथे घेत नसत. का? तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. आपल्या तोंडाचा उष्टा धागा इतरांना चालणार नाही! म्हणून आपले बापजादे कातणखात्यात. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला. विचार करा, ज्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले की तुझे तोंड लागले तर सूत बाटते, त्याच तोंडाने त्याने आता म्हणायचे आहे की मी सुखी होवो. शब्द अडकणार नाहीत तर काय?

१९९० साली धरमशाळेला दलाई लामांबरोबर परदेशी विद्वानांची बैठक झाली. तिथे एका अमेरिकन साधिकेने विचारले की जे लोक स्वतःचाच द्वेष करतात त्यांनी काय करावे? दलाई लामांना प्रश्नच कळेना. माणूस स्वतःचा द्वेष करतो? पुन्हा पुन्हा दुभाष्याला विचारले म्हणतात. आम्हाला हे वाचून गंमत वाटली आणि वाईटही वाटले. आपल्या कुठल्याही चाळीत विचारले असते तर लगेच कळले असते.

असो. साधना सोडली ती वीस-बावीस वर्षे. १९८९ ला बदली म्हणून लागलो, पुढे कायम झालो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, आमची गिरणी थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही. हातात येणारे पैसे निम्म्यावर आले. मुलगी बारावी झाली होती, तिला नर्सिंगला जायचे होते. ती फॉर्म घेऊन समोर बसली आणि आम्ही काय बोललो ते या विहारात, बाबासाहेबांच्या फोटोसमोर सांगतो. आम्ही म्हणालो, “शिकून काय दिवे लावणार आहेस? नशिबात असेल ते होईल.” ज्याने या वस्तीच्या भिंतींवर ‘शिका’ म्हणून स्वतः ब्रश फिरवला, ज्याने शेकड्याने लोकांना बावीस प्रतिज्ञा म्हणायला लावल्या, त्याच्या तोंडातून ‘नशीब’ हा शब्द निघाला. पोरगी काही बोलली नाही. फॉर्म घडी करून डब्याखाली ठेवला.

त्यानंतरचे काही महिने आम्ही विहारात येत नव्हतो, आपल्यापैकी काहींना आठवत असेल. लोकांना वाटले करोनाची भीती. तसे नव्हते. आम्हाला तोंड दाखवायची लाज वाटत होती. रात्री झोप नाही. उठून मोरीपाशी बसायचे आणि स्वतःला मनात नको नको ते बोलायचे. दिवसा तेच पत्नीवर आणि मुलांवर निघायचे. हे लक्षात घ्या. स्वतःला शिव्या देणारा माणूस नम्र असतो असा आपला समज आहे. तसे नसते. तो घरात सर्वांत जड असतो.

एका पहाटे पाण्याच्या वेळेला पत्नी कळशी भरता भरता म्हणाली, “तुम्ही एवढी वर्षं मुंग्यामाकोड्यांपास्नं सगळ्यांचं भलं मागता. त्यात तुम्ही येत नाय का?”

एवढेच बोलली आणि दुसरी कळशी लावली. आम्ही काही उत्तर दिले नाही. पण त्याच दिवशी माळ्यावरची पेटी काढून भाजाची जुनी वही शोधली.

आता ही पाच मिनिटे आम्ही कशी करतो ते सांगतो, कारण प्रवचन ऐकून घरी जाऊन काय करायचे हेच कोणी सांगत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत एकांत मिळत नाही. पहाटे पाणी यायच्या आधीची दहा मिनिटे आम्ही धरली. भिंतीला पाठ टेकली तरी चालते. मांडी घालता येत नसेल तर खुर्ची, स्टूल, पायरी, काहीही. ‘मी सुखी होवो’ हे शब्द घशात अडकत होते, म्हणून आम्ही ते सोडले. बोलीतले शब्द घेतले. मला आज नीट झोप लागो. माझ्या छातीतला हा दगड थोडा हलका होवो. माझ्या हातून आज कोणाला कडू शब्द न जावो. हे म्हणता आले. स्वतःवर मोठी कृपा केल्यासारखे वाटत नाही आणि खोटेही वाटत नाही. ज्यांना तेही जमत नाही त्यांनी स्वतःला सहा वर्षांचा पोरगा म्हणून बघावे, चड्डीला ठिगळ, हातात पाटी. त्याला शिवी देणार का? आम्हाला तिथे रडू आले, ते आले तर येऊ द्यावे.

मन पळते, सगळ्यांचे पळते. त्याची तक्रार घेऊन येऊ नका. आम्ही आयुष्यभर रिंग फ्रेमवर काम केले. धागा तुटतो. दिवसभर तुटतच असतो. तुटला म्हणून कोणी धाग्याला शिव्या देत बसत नाही आणि स्वतःलाही देत नाही, कारण तेवढ्यात पलीकडचा तुटतो. बोटाने टोक धरायचे, सांधायचे, पुढच्या बॉबीनकडे जायचे. मन पळाले की तसेच करायचे. आमच्यासारख्या ढ माणसाला ध्यानाची ही एकच गोष्ट आधीपासून येत होती!

यात एक धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. विसुद्धिमग्गात म्हटले आहे की मैत्रीचा उघड शत्रू द्वेष आहे, पण जवळचा, ओळखू न येणारा शत्रू म्हणजे आसक्ती. स्वतःवरच्या मैत्रीचेही तसेच. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ, गुत्त्यावरून येऊन म्हणाले, “मी स्वतःवर मैत्री करतोय, स्वतःला माफ केलं.” अरे बाबा, बायकोच्या कानातले मोडून प्यायलास, तू कोणाला माफ करतोस? पाचवे शील मोडून केलेली मैत्री म्हणजे स्वतःचे लाड. आई पोरावर माया करते म्हणून त्याला विस्तवाशी खेळू देत नाही. आपल्या चुका लपवायच्या नाहीत, फक्त चुकीबद्दल स्वतःला फाशी द्यायची नाही. अमेरिकेत क्रिस्टिन नेफ नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेने २००३ पासून यावर संशोधन मांडले, आणि त्या स्वतः बौद्ध ध्यानातूनच त्याकडे वळल्या. त्या तीन गोष्टी सांगतात : स्वतःशी मऊपणे वागणे, हे दुःख माझ्या एकट्याचे नाही हे ओळखणे, आणि दुःख आहे तेवढेच बघणे, कमी नाही, जास्त नाही. यातली मधली गोष्ट आम्हाला सर्वांत उपयोगी पडली. गिरणी गेली ती काय आमची एकट्याची गेली? जानेवारी १९८२ च्या संपात आमचे वडील होते, अडीच लाख कामगार होते. त्या घराघरांतल्या बापांनी असेच मोरीपाशी बसून स्वतःला खाल्ले असेल आणि कोणी कोणाला सांगितले नसेल.

तसेच चळवळीतल्या मित्रांसाठी त्याच ग्रंथातली दरोडेखोरांची गोष्ट. एक साधक, त्याचा मित्र, एक तटस्थ आणि एक वैरी असे चौघे बसले आहेत. दरोडेखोर येतात आणि म्हणतात, बळी द्यायला आम्हाला एक माणूस द्या. साधकाने कोणाला द्यावे? वैऱ्याला दिले तर मैत्री मोडली हे पोरसुद्धा सांगेल. आम्ही जेव्हा पहिल्यांदा वाचले तेव्हा वाटले, उत्तर सोपे आहे, ‘मला न्या’ म्हणायचे. आचार्य म्हणतात, तेही चूक! स्वतःला दिले तरी भेद केलाच. चौघांपैकी कोणीही देण्याजोगा दिसत नाही, तेव्हा सीमा पुसली. आम्ही हे वाचून पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. आपण कार्यकर्ते उठता-बसता ‘मला न्या’ म्हणत असतो. घर न्या, तब्येत न्या, पोरांचे शिक्षण न्या. आणि त्याचा अभिमान बाळगतो. ११ जुलैला तू तिथे का नव्हतास, असे जे आम्ही स्वतःला इतकी वर्षे विचारत होतो, त्याचा खरा अर्थ काय होता? अकरावा तू का नाहीस, हाच ना! त्या दहांपैकी एकाच्याही आईने असे मागितले नसते.

विलास घोगरे यांच्याबद्दल मात्र एक शब्द. मैत्री भावना केली असती तर ते वाचले असते, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. त्यांच्या मनात काय होते ते त्यांचे त्यांनाच ठाऊक, आणि समाजावरचा घाव खरा होता. पण तुमच्यापैकी कोणाला रात्री तसले विचार येत असतील तर नुसते डोळे मिटून बसू नका. ताप आला की डॉक्टरकडे जातो ना? तसे जा. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मनाच्या आजाराचा विभाग असतो. सरकारची ‘टेलिमानस’ ही फोनसेवा २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. आणि आमचे घर विहाराच्या मागे तिसरे, रात्री दोनलाही दार वाजवा.

अंगुत्तर निकायात मैत्री भावनेचे अकरा लाभ दिले आहेत. सुखाने झोप लागते, सुखाने जाग येते, वाईट स्वप्ने पडत नाहीत, ही पहिली तीन. पुढे देवता रक्षण करतात, विष आणि शस्त्र बाधत नाही वगैरे आहे, ते आम्ही बाजूला ठेवतो. बाबासाहेबांनी आपल्याला चिकित्सा करायला शिकवले आहे. पण पहिल्या तीनबद्दल आम्ही साक्ष देतो. झोप यायला सुमारे दोन महिने लागले.

झोप यायला लागल्यावर एका रविवारी मुलीला समोर बसवले आणि म्हणालो, “त्या दिवशी मी बोललो ते चुकलं. मला माफ कर.” बापाने मुलीची माफी मागायची आपल्यात पद्धत नाही, जीभ जड झाली होती. ती म्हणाली, “पप्पा, मला बोललात त्याचं काय नाय. पण तुम्ही रात्री मोरीपाशी बसून स्वतःला शिव्या द्यायचात ना, ते सगळं आम्हाला ऐकू यायचं. त्याची भीती वाटायची.” आम्ही समजत होतो की मनात बोलतो आहोत!

मग तिने डब्याखालचा फॉर्म काढला. त्या वर्षीची तारीख केव्हाच गेली होती. एक वर्ष वाया गेले ते गेलेच, ते मैत्रीने परत येत नाही. पुढच्या वर्षी पतपेढीचे कर्ज काढले, पत्नीने मसाल्याची ऑर्डर धरली, आणि मुलगी नर्सिंगला गेली. आता ती शिकून कामाला लागली आहे, आज रात्रपाळी आहे म्हणून इथे आलेली नाही.

वैऱ्याचा टप्पा अजून आम्हाला पुरता जमत नाही. वर्दी दिसली की अजूनही आतून काहीतरी आवळते. तटस्थापर्यंत जातो आणि तिथून सगळ्यांकडे वळतो. भन्तेजी म्हणतात घाई करू नका, म्हणून करत नाही.

दर रविवारी सकाळी साडेसहाला आपण विहारात अर्धा तास बसतो. सध्या नऊ-दहा जण असतो, त्यात त्या आजीबाई पहिल्या. मध्यंतरी त्यांना विचारले, आजी, शब्द सापडले का? म्हणाल्या, “सापडलं. मी म्हणते, आज मला गरम भाकरी मिळो. मग मीच पहिली भाकरी मला काढून ठेवते.” येताना बसायला बस्कर किंवा घडी केलेली गोधडी आणावी, फरशी फार गार असते.

महिला मंडळाकडून चहा तयार असल्याचा निरोप आला आहे.